शहाण्णव गारदी

‘अविनाश गेला. सकाळी सहा चाळीस.’ मेधावहिनींचा मेसेज आला तेव्हा मी नेपरव्हिल स्टेशनच्या फलाटावर शिकागोच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. वेळ कळवायची खरं तर गरज नव्हती. पण पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर एकोणीस वर्षं काढलेला माणूस पहिल्यांदा वेळच विचारणार, हे वहिनींना ठाऊक होतं. गाडी आली, गेली... मी घरी परतलो. त्याला आता सहा आठवडे झाले.

अविनाश मूळचा नागपूरचा, नोकरी डेटाबेसची. घराच्या बेसमेंटमध्ये अकरा वर्षं तो पानिपतावरची मराठा फौज रंगवत होता. इंचभर उंचीचे धातूचे सैनिक, त्यांच्या पगड्या, मिशा, कमरबंद, सगळं तीन-चार केसांच्या ब्रशने. महिन्यातून एका शनिवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये मोठ्या टेबलावर फौजा मांडून, फासे टाकून जुन्या लढाया खेळणारा त्यांचा एक गट होता. बहुतेक सगळे निवृत्त अमेरिकन. न रंगवलेला सैनिक टेबलावर आणायचा नाही, हा त्यांचा एकमेव कडक नियम. मी खेळत नसे. अविनाश प्रेक्षकांसाठी माहितीची पत्रकं काढी, ती मी तपासून देत असे.

दोन वर्षांपूर्वी एक चूक मला सापडली, म्हणजे तेव्हा तसं वाटलं. अविनाशचे गारदी, कवायती पायदळाचे शहाण्णव सैनिक, लाल डगल्यांत होते. एका संग्रहालयाच्या वेबसाइटवर मला जुनं चित्र दिसलं. खाली फोटोओळ होती, गारदी पलटण. आणि डगले निळे होते. मी ते एका ओळीच्या मेलने पाठवलं. संध्याकाळी त्याचा फोन आला. ‘काय बे, आधी नाही सांगता आलं? शहाण्णव आहेत ते!’ आवाजात राग नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने सगळी पलटण रंग उतरवणाऱ्या द्रावणात बुडवली आणि जुन्या टूथब्रशने एकेक सैनिक घासायला घेतला. भांडी म्हणजे अर्थात लोणच्याच्या बरण्या. ‘घरात पाहुणा आला की आधी सांगते,’ वहिनी म्हणाल्या, ‘कैरीचं वरच्या फळीवर, पेशव्यांचं खालच्या.’ गटातला रॉन त्याला समजावत होता, ‘अवी, फ्रॉम थ्री फीट नोबडी कॅन टेल.’ अविनाशचं उत्तर दोन शब्दांचं होतं. ‘आय कॅन.’

रंगवण्याचं काम रेंगाळलं, कारण मध्येच त्याचं हृदय थकत गेलं. या जानेवारीत डॉक्टरांनी करण्यासारखं फार उरलं नसल्याचं सांगितलं. नोकरी सुटली, नाकाशी ऑक्सिजनची नळी आली. मार्चमध्ये पानिपतचा खेळ ठरलेला होता आणि पूर्ण पलटण घेऊन तिथे जायचं, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं. दिवसाला दोन सैनिक, बरं वाटलं तर तीन.

फेब्रुवारीत पत्रक तपासताना मी ते चित्र पुन्हा उघडलं. फोटोओळ बदलली होती. संग्रहालयाने चूक दुरुस्त केली होती: चित्र दुसऱ्याच फौजेचं, पानिपतनंतर तीसेक वर्षांनी काढलेलं. निळ्याला आधार उरला नाही. लाल रंगालाही पक्का नव्हता, पण तो खोडून काढायचं कारण तर मीच दिलं होतं. फोटोओळ दुसऱ्या ठिकाणी ताडून पाहिल्याशिवाय छापायची नाही, हे मी डेस्कवर नव्या मुलांना शिकवत असे.

सांगायला म्हणून बर्फातून गाडी काढली. अविनाश टेबलाशी होता, बहात्तर सैनिक निळे झाले होते.

‘ये. चेहरा काय असा अग्रलेखासारखा केलायस?’

‘रस्ते घसरडे आहेत.’

‘चोवीस उरले यार. कॅलेंडर बघितलं, बसतंय गणित.’

मी चहा घेतला, ड्राइव्हवेवरच्या बर्फाबद्दल बोललो आणि निघून आलो. सांगितलं नाही.

मार्चमध्ये शहाण्णव सैनिक लायब्ररीत पोचले. अविनाश व्हीलचेअरवर होता. इतिहासाप्रमाणे गारदी डावीकडे उभे राहिले आणि दुपारी तीनपर्यंत टिकले. कोणी डगल्यांचं कौतुक केलं की अविनाश माझ्याकडे बोट दाखवी. ‘ही फाउंड इट. आय हॅड इट ऑल राँग.’ दिवसभरात मी हे पाच वेळा ऐकलं. नवव्या दिवशी तो गेला.

गेल्या शनिवारी वहिनींनी बोलावलं. फौज गटाला द्यायची होती, खोक्यांत भरायला मदत हवी होती. भरता भरता मी त्यांना सगळं सांगितलं. फोटोओळ, फेब्रुवारी, चहा.

वहिनी हातातला सैनिक बघत राहिल्या. ‘म्हणजे हे निळे चूक?’

‘माहीत नाही. लालही असू शकतील.’

‘आणि तुम्हाला वाटलं, त्याला धक्का बसेल.’

‘हो.’

‘शेखर, तुम्ही सकाळी सांगितलं असतंत तर संध्याकाळपर्यंत बरण्या भरल्या असत्या!’ त्या हसल्या, मग थांबल्या. ‘मार्चचं हुकलं असतं. चिडला असता, दोन दिवस. पण पुढचं काम तर असतं समोर... डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्याला पुढचं असं कोणी काही देतच नव्हतं.’

आम्ही उरलेले सैनिक भरले. अविनाशचं टेबल रिकामं झालं. ब्रशचं टोक टिपायची त्याला उजव्या कडेला सवय होती, तिथे रंगाचा जाड पट्टा साचला आहे. खाली लाल, त्यावर निळा. पट्टा कडेकडेने सरकत आला आहे, आणि त्याच्या पुढे टेबलाचं लाकूड अजून वीतभर मोकळं आहे.