लुकासच्या बाहीतली चिठ्ठी

ड्रेस्डेनकर मंडळी, विशेषतः आमच्या मॅचला येऊन टोमणे मारणारे, हे वाचाच.

आमच्या युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये मी क्वार्टरबॅक आहे, म्हणजे चाल सांगून बॉल फेकणारी. माझ्याआधी लुकास होता. दोघांचे कोच एकच, त्यामुळे वर्षभर तुमच्याकडून ऐकतेय, "लुकासला सगळं तोंडपाठ होतं. केतकी मनगटावर कॉपी घेऊन खेळते!"

ती कॉपी म्हणजे माझ्या मनगटपट्टीतली चिठ्ठी. त्यावर सगळ्या चाली कोचनीच लिहून दिल्यात.

आज दुपारी सामानाची खोली आवरताना लुकासचा लांब बाह्यांचा जुना टी-शर्ट सापडला. घडी घालताना बाहीत काहीतरी हाताला लागलं. मनगटपट्टी! आत चिठ्ठी. त्याच चाली आणि कोचचंच अक्षर.

मी तडक कोचसमोर जाऊन उभी राहिले. "हे काय?"

"गेनाऊ, बरोबर, लुकासची आहे," ते शांतपणे म्हणाले. "कुणाला सांगू नका म्हणाला होता."

"आणि लोक मला हसत होते तेव्हा?"

"तू कुठे तक्रार केलीस?"

माझं डोकंच फिरलं. त्याची अब्रू सांभाळायला कोच, आणि मी मात्र तक्रार करायची?

शनिवारी मॅच आहे. मी बाह्या दुमडूनच खेळणार. ज्यांना कॉपी बघायचीय त्यांनी पुढे येऊन बसावं.

फक्त एक सांगा. वर्षभर माझं मनगट बघत होतात, तुमच्यापैकी एकाने तरी लुकासला कधी बाही वर करायला सांगितली होती?