श्लोक मालकांनी, अर्थ मी

"श्लोक हिच्या हाताला नको. तो तुम्ही जुळवा. अर्थ काय, तिने जुळवला तरी चालेल."

शास्त्रीबुवा हे मालकांना म्हणाले. माझ्यासमोर. मी तिथे नाहीच, असं. पार्ल्यातल्या छापखान्यात मी कंपोझिटर होते. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळी जुळवायच्या, हे माझं काम. मुलगी हुशार आहे, घाटकोपरच्या डोंगरावरच्या बौद्ध वस्तीतून येते, असं मालकांनीच त्यांना कौतुकाने सांगितलं होतं. तेवढं पुरलं.

मालक स्वतः स्टुलावर बसले. खिळे शोधताना घामाघूम. आधी मला हसू आलं, मग संताप.

बुवांचं पुस्तक जुन्या धर्मशास्त्रावर होतं. आजच्या पिढीला समजावं म्हणून. जुळवता जुळवता मी वाचायचे. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात तापलेलं शिसं ओतावं, या वचनाच्या अर्थापाशी आले. खाली बुवांचा खुलासा. हे शब्दशः घेऊ नये, तो काळ वेगळा होता, आज असा भेद कोणी पाळत नाही.

कोणी पाळत नाही! आणि हे वाक्य हा माणूस माझ्याकडूनच जुळवून घेत होता. मी उठले. बुवा मालकांच्या टेबलाशी चहा पीत होते.

"बुवा, भेद कोणी पाळत नाही ना? मग तो श्लोक द्या इकडे. मी जुळवते."

"अगं, तुला विषय कळत नाही. आम्ही तुमच्याच बाजूने लिहितोय ना!"

मालक ओरडले, "डोकं फिरलंय का तुझं? गप जुळव, नाहीतर घरी जा."

बापाची गिरणी बंद पडलेली. घर माझ्या पगारावर चालायचं. सगळं ठाऊक होतं. तरी जागेवर गेले आणि जुळवलेली ती ओळ मोडली. एकेक खिळा परत ज्याच्या त्याच्या खणात टाकला. सावकाश, दोघांच्या देखत. मग पिशवी उचलली.

"हे खोटं आहे. खोटं तुमच्या हाताने जुळवा."

घरी आईने शिव्या घातल्या. 

अजूनही कोणीतरी जहरी वचनांना साखर लावून सांगायला येतो. प्रतीक आहे म्हणतो, काळ वेगळा होता म्हणतो. मी वाद घालत नाही. एवढंच विचारते, मूळ श्लोक माझ्या हातात देतोस? तो चाचरला, की समजायचं ते समजते. त्याचं शिसं अजून तापलेलंच आहे. त्याला मी कान देणार नाही, आणि हातही लावणार नाही.