आडवी नांगरट

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आईचं नाव लागलं, म्हणून गावातल्या शेतकरी बायकांच्या वर्गाला मी तिला घेऊन गेले. शिकवणाऱ्या बाईंनी उतारावरच्या उघड्या मातीवर झारीनं पाणी ओतलं. खाली लाल, गढूळ ओघळ आला.

"म्हणून उताराला आडवं नांगरायचं," बाई म्हणाल्या.

आई हळूच मला म्हणाली, "हेच मी तुझ्या वडलांना सांगत होते. ते म्हणायचे, शेत काय तुझ्या नावावर आहे?"

आता नाव लागलंय, पण वरच्या तुकड्यात नुसता मुरूम उरलाय. दर उन्हाळ्यात तिचं ते सांगणं मीही ऐकायची. मी शिकलेली, वडलांची लाडकी. माझा शब्द ते मोडत नसत. तरी एकदाही म्हटलं नाही, "बाबा, आई सांगते तसं करून तर बघा."