पोटाची अट

वाटणीपत्र टाइप करायला घेण्याआधी दादू अण्णा समोरच्या म्हाताऱ्याला पोरांच्या देखत एकच प्रश्न विचारत. "आबा, सकाळी न्याहारीला काय खाल्लंसा?" म्हातारा चटकन 'भाकरी-आमटी' म्हणाला, तर अण्णा नेहमीचा मजकूर घालत: वडिलांना तहहयात दोन वेळचं जेवण द्यावं. उत्तराआधी म्हाताऱ्याने लेकाच्या तोंडाकडे बघितलं, की मजकूर लांबत जाई. न्याहारी, एक तांब्या दूध, वर्षाला दोन धोतरं, सगळं कागदावर येई. या कलमाला अण्णा 'पोटाची अट' म्हणत. कोल्हापूरच्या कचेरीसमोर झाडाखाली त्यांचं टाइपरायटरचं टेबल होतं आणि नदीपलीकडे घरचा ऊस.

मी शाळामास्तर. सत्तरच्या दशकात मला कादंबरी लिहायची हौस आली. लेकींना राज्य वाटून देऊन देशोधडीला लागलेल्या म्हाताऱ्या राजाची एक जुनी शोकांतिका मी आपल्याकडच्या शेतकरी घरात आणून बसवली. राजाच्या जागी ऊसवाला पाटील, लेकींच्या जागी मुलगे. हस्तलिखित टाइप करायला अण्णांकडे दिलं. तिसऱ्या प्रकरणात मशीन थांबलं.

"मास्तर, म्हाताऱ्यानं समदं देऊन टाकलं, अन् पोटाची अट कुठं हाय?"

अट घातली तर पुढे कादंबरीच उरत नाही, हे मी समजावून सांगितलं. अण्णांनी चष्मा पुसला. "म्हंजे त्येला माझ्यासारखा टायपिस्ट गावला न्हाय, म्हणून तुमची कादंबरी झाली व्हय?"

टाइप होऊन आलेल्या प्रतीत अट होतीच, दोन धोतरांसकट. मी ती खोडली. आठवडाभर अण्णा माझ्याशी धड बोलले नाहीत.

दोन-तीन वर्षांनी त्यांनी स्वतःची जमीन दोन मुलांत वाटली. दस्त मी वाचला, तर त्यात पोटाची अट नाही. आता त्यांचा कान धरायची पाळी माझी होती. "अट परक्याच्या पोरांस्नी," अण्णा म्हणाले. "घरच्यांस्नी कसली?"

मला धास्तीच बसली. दर सोमवारी शाळा सुटली की मी टेबलाशी जाऊन त्यांना न्याहारी विचारू लागलो. काळजी खरी होती, पण मनात कुठेतरी कादंबरीवालाही टपून बसला होता, हे कबूल करायला हवं. एका सोमवारी थोरला लेक शंकर शेजारी उभा होता. मी विचारलं, आणि अण्णांनी उत्तराआधी त्याच्या तोंडाकडे बघितलं.

शंकर गेल्यावर खरं कळलं. डॉक्टरांनी तेलकट बंद केलं होतं, घरी पोरांचा कडक पहारा होता आणि अण्णा सकाळी कोपऱ्यावर कटवडा हाणून आले होते. कुठे बोलायचं नाही, असा त्यांनी मला दम भरला. पुढच्या सोमवारपासून मी टेबलाशी आलो की ते मलाही कोपऱ्यावर न्यायला लागले.

सात-आठ वर्षांनी, पिकल्या वयात अण्णा गेले. ते गेल्यावर कचेरीसमोरून जायला मला नको वाटे. दिवस झाल्यावर शंकर त्यांचं मशीन घेऊन घरी आला; ते मला द्यायचं, असं अण्णांनी सांगून ठेवलं होतं. झाकण उघडलं, तर आत घडी घातलेला कागद. वाटणीनंतर आठ दिवसांतच दोघा भावांनी एकेका बोटाने पोटाची अट टाइप करून, सह्या ठोकून बापाच्या हातात दिली होती. न्याहारी, जेवण, दूध, धोतरं. अण्णांनी मला कधी पत्ता लागू दिला नव्हता. खाली मात्र त्यांनी पेन्सिलीने आपलं एक कलम वाढवलं होतं: 'आठवड्याला एक कटवडा.'

शंकरने ती ओळ तेव्हाच पहिल्यांदा वाचली.

"एवढंच मागितलंतं, मास्तर. अन् त्येच आम्ही तोडलं."

अण्णांचा दम मला आठवला, पण तो आता पाळवेना. "खाल्ला त्यांनी," मी म्हणालो. "दर सोमवारी, माझ्याबरोबर."

शंकरने डोळे पुसले. मग त्याने विचारलं, "अण्णा एकच खायचं न्हवं?"

"दोन," मी म्हणालो.