पाव फेरा

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने माझ्या टर्बो गाडीचा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह आतापर्यंत सात वेळा ॲडजस्ट केलाय. मी सांगितलेलं एकदाच! ॲक्सिलरेटर सोडला की त्यातून जादा हवा 'फुस्स' करून बाहेर पडते. मला तो आवाज आवडतो, त्याला पटत नाही. गॅरेजसमोरून निघालो की हात आडवा घालून थांबवतो, डोळे मिटून ऐकतो. "स्प्रिंग ढिली वाटते, दादा. पाव फेरा आवळतो, बस." मग बॉनेट उघडतं आणि माझं ऑफिस बोंबलतं.

शेवटी वैतागून तीन दिवस लांबच्या रस्त्याने गेलो. चौथ्या दिवशी त्याचा फोन.

"दादा, तीन दिवस आवाज नाय. बरंय ना सगळं?"

मी विरघळलोच. "हो रे, मी मजेत आहे."

"तुम्ही नाय हो. गाडी."