आईचा शेवटचा जाळ

आई गेल्यापासून अकरा महिने आमची चूल पेटली नव्हती. माझ्या एकट्याचं पोट गॅसवर भागत होतं. अशात दगडांचा अभ्यास करणारी एक बाई कवठे येमाईला आमच्या मळ्यात आली. विहिरीच्या कडेचा काळा दगड कापण्याआधी तिने त्यावर उत्तरेची खूण केली. म्हणाली, "हा दगड रस होऊन वाहत होता ना, तेव्हा होकायंत्राची सुई दक्षिणेला वळली असती. निवताना त्याने ते धरून ठेवलं. पृथ्वीचं चुंबक कधी जोर धरतं, कधी पार क्षीण होतं, कधी उलटतं. आताही त्याचा जोर ओसरतोय."

मी उगाच हसलो. पण ती गेल्यावर विहिरीत डोकावलो आणि अंगावर काटा आला. इतकी वर्षं ज्यांच्यातलं पाणी प्यायलो, त्या दगडांना माझी उत्तर मान्यच नव्हती.

जाताना तिने चुलीचा एक तुकडा मागितला होता. भाजलेली मातीही तसंच करते म्हणे, शेवटचा जाळ निवताना चुंबकाचा जोर आत धरून ठेवते, आणि नवा जाळ लागला की जुनं पुसलं जातं. म्हणजे आईने शेवटचा जाळ केला ती सकाळ अजून चुलीत होती. मला त्या कोपऱ्यात जायची भीती वाटू लागली, आणि गेल्याशिवाय राहवतही नसे. गार मातीवर हात ठेवला की आतून कुणीतरी ऐकतंय असं वाटे.

शेवटी तुकडा द्यायचं ठरवलं. बाईला आणायला शिरूरच्या स्टँडवर गेलो. परतलो तर आमच्या पत्र्यावरून धूर निघत होता. खोटं कशाला सांगू, मी आईलाच हाक मारणार होतो.

आत शेजारची चुलती भाकरी थापत होती.

"हे काय केलंत?" मी ओरडलो.

"पाहुणी यायची आन् चूल गार? आरं, आपल्यात चूल गार म्हंजी बिऱ्हाड उठलं. तुझी आई मेंढरामागं भर पावसात बी जाळ राखायची. ठावं हाय न्हवं?"

ठाऊक होतं. मेंढरं घेऊन रानोरान हिंडायचो तेव्हा मुक्काम हलताना मागे राहणारे चुलीचे तीन गार दगड आईला बघवत नसत. शेती घेऊन इथे राहिलो तेव्हा भिंतींच्या आधी तिने ही चूल मांडली होती.

बाई वाकून बघत म्हणाली, "जाळ लहान आहे. जुनं थोडं पुसलं असेल, बाकीचं अजून आहे. आत्ता विझवलंत तर राहील."

"विझवू व्हय?" चुलतीचा चेहरा उतरला होता.

मी रागाने पाण्याचा तांब्या उचलला. आईच्या पेटत्या चुलीत पाणी ओतायचं होतं. तांब्या खाली ठेवला. सरपणातलं बाभळीचं जाड लाकूड घेतलं आणि आत सारलं. आईची सकाळ माझ्यादेखत पुसली जात होती, आणि फुंकणी घेऊन जाळ मीच वाढवत होतो.