मामाचा झुमका

मागच्या उन्हाळ्यात मी नऊ दिवस झुमका घालून हिंडलो. एकाच कानात, पण ऑफिसलासुद्धा.

याला जबाबदार माझी भाची ओवी. (माझी बायको मंगल म्हणते, जबाबदार मीच. वाचून झाल्यावर तुम्हीही तेच म्हणाल, म्हणून माझी बाजू आधी मांडून घेतो.) आमच्यात लेकराचे कान मामाच्या मांडीवर टोचतात आणि कानात पहिल्यांदा जातं ते मामानं आणलेलं सोनं. मामा नाही तर कान नाही. माझी धाकटी बहीण सुनंदा दौलताबादला दिलेली. ओवी पाळण्यात होती तेव्हापासून सुनंदा मला बोलावत होती. एकदा मला रजा मिळाली नाही, एकदा डोळे आले, एकदा मी सरळ विसरलो. असं करता करता ओवी साडेपाच वर्षांची झाली. पाळण्यातल्या लेकराला नुसतं धरलं तरी भागतं. साडेपाच वर्षांच्या लेकराला आधी पटवावं लागतं.

शेवटी सुनंदाचा फोन आला.

"दादा, जूनमधी पहिलीला जाईल ती. समद्या पोरी कानात घालून येत्यात अन् ही दोन्ही कानांवर केस ओढून बसती. तुला जमत नसंल तर तसं सांग. शेजारच्या कुणाला तरी मामा करते मी."

हे शेवटचं मला फार लागलं. मी धडधाकट असताना शेजारचा मामा! त्याच संध्याकाळी मंगलला घेऊन मी सराफ्यात गेलो.

दुकानदारानं लेकराचं वय विचारलं आणि इवल्याशा गोल बाळ्या पुढं ठेवल्या. मंगलनं त्यातली एक उचलली, बोटावर फिरवून पाहिली.

"ह्याच घ्या. हलक्या आहेत, टोक बाहेर येत नाही. कुशीवर झोपली तरी रुतायच्या नाहीत, फ्रॉक काढताना अडकायच्या नाहीत."

"आणि लांबून दिसायच्याही नाहीत," मी म्हणालो.

"कान तिचा आहे ना? लांबून कुणाला बघायचंय?"

साडेपाच वर्षं उशीर केलेल्या मामानं चार माणसांत उठून दिसेल असंच काहीतरी न्यावं लागतं, हे तिला कसं समजावणार? मी काचेतल्या एका जोडावर बोट ठेवलं. वर फूल, खाली घुमट, घुमटाला मोत्यांची झालर, मागं जाड दांडी आणि फिरकी.

दुकानदार जरा खाकरला. "साहेब, हे नवरीसाठीचं डिझाइन आहे."

"मग? होईल की ती कधीतरी नवरी."

मी बाहेर येऊन गाडी काढली तरी मंगल आतच होती. लग्नाला सोळा वर्षं झालेल्या माणसाला एवढ्यावरून काहीतरी कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी दौलताबादला सुनंदाच्या अंगणात सतरंजी, पाट, हळदीचं ताट असा सगळा थाट मांडला होता. गावातले म्हातारे सोनारकाका सुया घेऊन बसलेले. आणि माझे स्वतःचे मामाही आलेले, बापूमामा. पंच्याहत्तरी ओलांडलेले, जन्मभर मेंढरं राखलेले, दोन्ही कानांत सोन्याच्या बाळ्या. मी झुमक्याची डबी उघडून सगळ्यांपुढून फिरवली. बापूमामांनी ती हातात घेऊन वजन पाहिलं.

"हे पोरीला आणलं का बैलाला?"

मी ते मनावर घेतलं नाही. मांडी घातली. ओवी नव्या फ्रॉकात शहाण्यासारखी येऊन बसली. सोनारकाकांनी सुई स्पिरिटनं पुसली, तशी तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"मामा, दुखतं का?"

"छे गं. मुंगी चावल्यागत होतं."

तिनं हात वर करून माझ्या कानाची पाळी चाचपली. मग दुसरी चाचपली.

"तुला तर भोकच नाय. मग तुला कसं माहीत?"

वकिलांना फी मोजून लोक असला प्रश्न विचारायला लावतात.

"त्याला कुठून माहीत आसंल?" बापूमामा म्हणाले. "पाच वर्सांचा व्हता. मी सोनं घेऊन आलो अन् ह्यो ज्वारीत पळाला. दिस मावळंस्तोवर हुडकला. सापडला तर म्हनतो, मोठा झाल्यावर टोचीन."

सगळे हसले. ओवी हसली नाही. ती मांडीवरून उठली आणि दोन्ही कान मुठीत धरून भिंतीला टेकली.

"आधी मामाचं. मग माझं."

मी माझ्या हुद्द्याचं सांगितलं, वयाचं सांगितलं, वाढलेल्या साखरेचंही सांगितलं. ओवी ऐकून घेत होती आणि मान हलवत होती. सुनंदा पदराचं टोक धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आजही हे लेकरू हातचं गेलं, तर पुन्हा कुठल्याच सोनारापुढं बसणार नाही, हे तिला दिसत होतं. मलाही दिसत होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

"टोचा," मी म्हणालो.

"मांडी कुनाची?" सोनारकाकांनी विचारलं. "रीत म्हंजी रीत."

बापूमामांनी धोतर सावरलं आणि पाटावर बसले. "ये. लई वर्सं झाली, मी थांबलेलोच हाय."

मी शहाऐंशी किलो, ते जेमतेम माझ्या निम्मे! शेवटी त्यांच्या मांडीवर फक्त डोकं ठेवायचं, अशी तडजोड निघाली. बाकीचा मी सतरंजीवर पायरीपर्यंत पसरलो.

"पुरुषाचा आधी उजवा," असं म्हणत सोनारकाकांनी पाळी धरली. मी ओवीकडं बघून हसू चेहऱ्यावर पक्कं केलं. सुई गेल्यावर शांतपणे 'मुंगी' म्हणायचं, असं ठरवलं होतं. प्रत्यक्षात तोंडातून जे निघालं त्यानं कोंबड्या कौलांवर गेल्या, शेजारच्या दोघी भिंतीवरून डोकावल्या आणि माझ्या लाथेनं हळदीचं ताट पार तुळशीपाशी पोचलं.

"मुंगी मोठी व्हती का?" ओवीनं विचारलं.

"सोनं आणा," सोनारकाका घाईनं म्हणाले. "भोक मोकळं ठिवता येत नाय."

सोनं म्हणजे मी आणलेलं. मी आणलेलं म्हणजे झुमका. नवरीचा झुमका माझ्या उजव्या कानात गेला आणि मागून फिरकी आवळली गेली. दुकानात किती नाजूक दिसत होता तो! कानात गेल्यावर कुणीतरी पाळीला धरून मला शाळेतून घरी नेतंय असं वाटायला लागलं. मान वळवली की ओढ बसायची, बोललो की मोती जबड्यावर वाजायचे. ओवीनं जवळ येऊन बोटानं घुमट हळूच ढकलला. मी जे बोललो ते इथं लिहीत नाही.

"मला नको झुमका," तिनं निकाल दिला. "मामाला बी जड हुतंय."

सुनंदाचा चेहरा उतरला. मी डोळे मिटले. इतक्या वर्षांनी कान टोचायचा योग आला आणि तोही चुकीच्या माणसाचा.

तेव्हा मंगलनं पर्स उघडली आणि गुलाबी कागदाची पुडी काढली. आत दोन इवल्याशा गोल बाळ्या. ओवीनं एक घेतली, गालावर घासून पाहिली, फ्रॉकच्या जाळीत अडकते का तेही पाहिलं. मी दुकानात हजार रुबाबाचे विचार केले होते, हा एक केला नव्हता.

"ही बरी हाय," ती म्हणाली आणि माझ्या मांडीवर येऊन बसली.

"मामीनं आणलेलं चालतं का?" सुनंदानं भीत भीत विचारलं.

"मामी काय परकी हाय का?" सोनारकाकांनी दुसरी सुई काढली.

ओवीनं माझा अंगठा घट्ट धरला. पहिल्या कानाला डोळे मिटले, दुसऱ्याला नुसतं "झालं?" म्हणाली. रडली नाही. सुनंदानं तिला उचलून घेतलं आणि स्वतःच रडली, हसतही होती. ओवी आरशात एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून बघत राहिली. मला भरून आलं होतं. मान हलवून शाबासकी द्यायची होती, पण झुमक्यामुळं मान हलेना.

"आता माझं काढा," मी म्हणालो.

"नऊ दिस काढायचं नाय," सोनारकाका म्हणाले. "बुजंल भोक."

"बुजू द्या की."

"मामा काढणार?" ओवीचे हात लगेच स्वतःच्या कानाकडं गेले. "मग मी बी काढते."

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. आता तुम्हीच सांगा, मी काय करणार होतो?

हेल्मेटमध्ये झुमका मावेना, म्हणून गाडी मंगलनं चालवली आणि हेल्मेट मांडीवर घेऊन मी मागं बसलो. घरी, पुंडलिकनगरला पोचेपर्यंत तिचे खांदे हलत होते. ऑफिसात आमच्या साहेबांनी एक फाईल तीनदा उलटीसुलटी वाचली. शेजारच्या टेबलावरच्या बाई फार मायेनं म्हणाल्या, "त्याला वेल लावा, भार केसांवर जातो." मग त्यांचं लक्ष माझ्या टकलाकडं गेलं आणि त्या चहाला गेल्या. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर ओवी माझा कान तपासायची. मी तिचे तपासायचो. तिचे छान भरून येत होते.

दहाव्या दिवशी सोनारकाकांनी झुमका काढून माझ्या कानात एक छोटी बाळी घातली, मंगलनं निवडलेली. ती कानात आहे हे माझ्या दिवसदिवस ध्यानात राहत नाही. ओवी म्हणते मामा भारी दिसतो, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटतं.

गेल्या आठवड्यात अजिंठ्याहून मंगलच्या मावसबहिणीचा फोन आला. ओवीची गोष्ट तिथवर पोचली होती.

"दाजी, आमची पिंकी बी तसंच म्हणती, आधी दुसऱ्याचं टोचा. तिच्या मामाचे तर दोन्ही कान टोचलेले हायेत. तुमचा डावा मोकळा हाय ना अजून?"

मी सभ्य शब्दांत नकार जुळवत होतो. तेवढ्यात मंगलनं फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "मोकळाच आहे गं. रविवारी घेऊन येते त्यांना. फक्त कोंबड्या तेवढ्या झाकून ठेव."